पूर्णेचे पाणी : उसाचे आणि मासळीचेही



देशाच्या अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा घटत चालला, असे वरचेवर कानावर येते. आकडा खोटा नाही. २०२३-२४ साली देशाच्या उत्पन्नात शेती व संलग्न व्यवसायांचा वाटा सुमारे १८ टक्के होता. पण त्याच वर्षी काम करणाऱ्या दर शंभर माणसांतली सुमारे ४६ माणसे याच व्यवसायांवर होती. म्हणजे पंगतीला माणसे शेहेचाळीस आणि ताटे अठराच!

या 'संलग्न' शब्दात मासेमारीही येते. मासळी म्हटली की आपल्याला कोकण आठवते. परंतु २०२२-२३ साली देशात झालेल्या सुमारे १७५ लाख टन मासळीपैकी १३१ लाख टन मासळी समुद्राबाहेरची, म्हणजे तळी, नद्या व जलाशयांतली होती. समुद्र न पाहिलेल्या हिंगोली जिल्ह्याचाही या धंद्याशी संबंध येतो तो असा.

येलदरीचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येते आणि तिथून कालव्याने आपल्या उसाला व हळदीला मिळते. त्याच साठ्यावर भोई समाजाची व इतर मच्छीमारांची चूल पेटते. जलाशय ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार संस्था आपल्या कारखान्यासारख्याच १९६० च्या सहकार कायद्याखालच्या. त्यांचेही भागभांडवल, त्यांचीही वार्षिक सभा. ऊसवाला बेणे लावतो, तसा मच्छीमार पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतो. हे मासे साचल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत, म्हणून बीज दरसाल विकत घ्यावे लागते.

पाणी थोडे उतरले तर जाळे टाकायला सोयीचे. पण साठा पार तळाला गेला की मासे कोंडतात, पाणी तापते, प्राणवायू कमी पडतो. मग पुरती वाढ न झालेली मासळी मिळेल त्या भावाने विकावी लागते. ठेका आणि बीज, दोन्हींचे पैसे अंगावर येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ कुणी विसरलेले नाही. तशा साली ऊसही जातो आणि मासाही.

आता आपला हिशेब पाहू. मोकाट पाण्यावरच्या एक एकर सुरू उसाला हंगामात सुमारे एक कोटी लिटर पाणी लागते. ठिबकने त्यातला निदान तिसरा हिस्सा वाचतो. वाचलेले पाणी कुणाला दान द्यायचे नाही; शेवटच्या उन्हाळ पाळीला ते आधी आपल्याच खोडव्याला उपयोगी पडेल. मात्र जे धरणात राहील, त्यावर दुसऱ्याचे घरही चालेल.

म्हणून ऊस विकास विभागातर्फे आम्ही एवढेच सुचवतो :

१) नवी लागण ठिबकवरच करा. पाचट जाळू नका, सरीत पसरा, ओल टिकते.

२) फवारणीचे पंप व औषधाचे डबे ओढ्या-नाल्यात धुऊ नका. ते पाणी शेवटी नदीलाच मिळते आणि मासे मरतात.

३) ज्यांच्या शेततळ्यात आठ-दहा महिने पुरुषभर पाणी टिकते, त्यांनी थोडे मत्स्यबीज सोडून पाहावे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकत्र चालतात. कोंडा व शेंगदाणा पेंड घरचीच. तळ्याचे ते पाणी उसाला दिले तर थोडे खतही आपसूक मिळते.

बीज कुठले, किती आणि केव्हा सोडावे, हे मच्छीमार संस्थेच्या माणसांना विचारायला संकोच करू नये. त्यात ते आपले गुरू आहेत. कालव्याच्या पाळ्या ठरताना आपण आपली मागणी मांडतो. तेव्हा धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या या दुसऱ्या सहकाऱ्यांचीही आठवण ठेवावी, ही विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी