म्हातारपणी पित्ताशयाची शस्त्रक्रिया

“सत्तरी उलटली, आता कशाला पोट फाडून घ्यायचे?” असे घरोघरी बोलले जाते. बोलणे मायेचे असते. पण मायेला माहितीची जोड हवी.

यकृताच्या खाली, उजव्या बरगडीआड पित्ताशय नावाची लहानशी पिशवी असते. यकृतात तयार होणारे पित्त तीत साठते, आणि तेलातुपाचे अन्न आतड्यात आले की पिशवी आकसून ते सोडते. ह्या पित्ताचे कधी खडे बनतात. वयाबरोबर हे प्रमाण वाढते. नुसते खडे आहेत, त्रास काही नाही, तर सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. पण खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळा येतात, पिशवी सुजते. कधी ती सडते, फुटतेदेखील.

आता खरी मेख पाहा. तरुणाला कळ आली की तो ओरडतो, ताप चढतो. म्हाताऱ्या माणसाचे तसे नसते. ताप नाही, दुखणे बेताचे. आजी नुसत्या जेवत नाहीत, आजोबा एकाएकी असंबद्ध बोलतात. आपण म्हणतो, “वयच झाले!” आणि तिथेच वेळ हातचा जातो. तब्येत सावरून, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा घाईगर्दीत करावी लागणारी शस्त्रक्रिया वृद्धाला कितीतरी अधिक धोक्याची असते.

बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली पित्ताशय प्रथम काढले, ते पोट उघडूनच. दुर्बिणीची रीत आपल्याकडे 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी आणली. चार लहान छिद्रांतून काम होते. दुखणे कमी, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. मात्र वृद्धांत पिशवी जुन्या सुजेने चिकटलेली असली, तर मध्येच पोट उघडण्याची पाळी अधिक वेळा येते. ते अपयश नव्हे, सावधगिरी होय.

“मग नुसती नळी घालून पू काढला तर?” असे कोणी विचारील. नेदरलँड्समध्ये जोखमीच्या 142 रोग्यांवर ही तुलना झाली. 2018 साली ती प्रसिद्ध झाली. गंभीर गुंतागुंत शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरी 12, तर नळी घातलेल्यांत शंभरी 65 निघाली. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठळक फरक नव्हता. अत्यवस्थ रोगी ह्या तुलनेत नव्हते. त्यांच्यासाठी नळीचा आधार आजही घेतात.

तेव्हा नुसते वय मोजू नका. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे कशी आहेत, मधुमेह आटोक्यात आहे का, माणूस आपल्या पायांनी हिंडतो का, हे डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर आजोबांना गादीवर जपून ठेवू नका. डॉक्टर सांगतील तसे लवकर बसवा, चालवा, खोल श्वास घ्यायला लावा. आणि डोळे पिवळे झाले, हुडहुडी भरून ताप आला, तर बाजारच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.