चार मिनिटांचा पाठ आणि वैद्याचे दायित्व

शास्त्र शिकविण्याचे माध्यम बदलले की शिकविणाऱ्याची परीक्षा सुरू होते. गुरुमुखातून आलेले ज्ञान पोथीत उतरले, पोथीतून छापील ग्रंथांत आले आणि आज ते तळहातावर मावणाऱ्या पडद्यावर आले आहे. अपूर्णांक, रसायनशास्त्र, इतिहास, शिवणकाम, शेती, संगणक असे नाना विषय पाच-दहा मिनिटांच्या चित्रफितींतून शिकविले जात आहेत. आपल्या शास्त्रानेही यात मागे राहू नये, असे अनेक वैद्यबंधू-भगिनी आग्रहाने सांगतात. रुग्ण तर चिकित्सालयाची पायरी चढण्यापूर्वीच दोन-चार चित्रफिती पाहून आलेला असतो. या साधनाचे सामर्थ्य कशात आहे, त्याच्या मर्यादा कोठे आहेत आणि वैद्याने त्याचा विनियोग कसा करावा, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादाची कबुलीही आहे.

एका शिकवणीतून उभी राहिलेली पाठशाळा

२००४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे नोकरी करणारे सलमान खान हे गृहस्थ न्यू ऑर्लिन्स येथे राहणाऱ्या नादिया नावाच्या आपल्या नात्यातील मुलीला दूरध्वनीवरून गणित शिकवू लागले. एकके बदलण्याची गणिते तिला जमत नव्हती. ती शिकली तसे इतर नातेवाइकांची मुलेही शिकवणीस आली. प्रत्येकाला वेगळा वेळ देणे अशक्य झाले, म्हणून २००६ साली त्यांनी पाठांच्या चित्रफिती करून यूट्यूबवर ठेवण्यास आरंभ केला. काळा फलक, त्यावर रंगीत अक्षरे आणि बोलणाऱ्याचा आवाज, एवढाच सरंजाम. शिक्षकाचा चेहराही दिसत नसे. न समजलेला भाग थांबवून पुन्हा पाहता येतो आणि पुन्हा विचारण्याचा संकोच वाटत नाही, हाच त्या पाठांचा खरा गुण ठरला. २००९ साली खान यांनी नोकरी सोडली आणि ‘खान अकादमी’ला पूर्ण वेळ दिला. गणितापासून अर्थशास्त्र, कलेतिहास आणि वैद्यकापर्यंत तिचे क्षेत्र विस्तारले.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या प्रयोगातून उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत शेती, आरोग्य व शालेय विषयांचे कार्यक्रम दाखविले गेले. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवरून सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना तिने विज्ञान व भाषा शिकविली. २०१७ साली ती बंद पडली, याची खंत अनेकांना आहे. पुण्यातीलच ‘आयुका’च्या विज्ञान केंद्रात श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या एक-दोन मिनिटांच्या शेकडो चित्रफिती केल्या. त्या अनेक भाषांत उपलब्ध आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम सुमारे दहा मिनिटांच्या पाठांतून संगणकविद्या शिकवितो. पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस शिकणाऱ्याची स्वतःची कृती, अशी त्याची पद्धत आहे. पाठातील आवाज मराठीसह विविध भारतीय भाषांत दिलेला आहे.

लघुत्वाचे गमक

पाठ लहान का असावा? सुरुवातीचे कारण तांत्रिक होते. त्या काळी यूट्यूबवर दहा मिनिटांहून मोठी चित्रफीत सामान्य सभासदास ठेवता येत नसे. पुढे त्यामागचे मानसशास्त्रही दिसून आले. ‘एडएक्स’ या अभ्यासक्रम-मंचावरील सुमारे ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांच्या आतील पाठ बहुतेक विद्यार्थी पूर्ण पाहतात, त्यापुढे लक्ष झपाट्याने ओसरते, असे त्यात आढळले. आपल्या आचार्यांना हे निराळ्या शब्दांत ठाऊक होते. सूत्र अल्पाक्षरी असते, ते स्मरणात राहण्यासाठी. मात्र आपल्या परंपरेत सूत्र एकटे कधीच वावरले नाही. त्यामागे टीका आणि टीकेमागे गुरू उभा होता. लघुचित्रफीत हे आधुनिक काळातील सूत्र मानले, तर तिची टीका कोण करणार, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

सुबोध वाटले म्हणजे समजले असे नव्हे

आमच्या चिकित्सालयात काढ्याचे भरड चूर्ण दिले जाते. ते कसे उकळावे हे दररोज वीस जणांना सांगून कंठशोष होई, म्हणून २०२० च्या आरंभी आम्ही एक चित्रफीत केली. ती बावीस मिनिटांची झाली. तीत पंचविध कषायकल्पना, शार्ङ्गधराचे मान, सारे काही होते. ती शेवटपर्यंत पाहिलेला एकही रुग्ण आम्हांला भेटला नाही. मग चार मिनिटांची दुसरी, नेटकी चित्रफीत केली. ‘वैद्यराज, आता छान समजले,’ असे सर्वांनी सांगितले. पण घरी काढा कसा करता, हे खोदून विचारले तेव्हा कोणी पातेल्यावर झाकण ठेवत होते, कोणी वेळ वाचविण्यासाठी मोठ्या आचेवर आटवीत होते, कोणी सकाळचाच काढा रात्री पुन्हा तापवून घेत होते. चित्रफितीत बरोबर पद्धत दाखविली होती. पाहणाऱ्याने आपली जुनी सवयच तीत पाहिली होती.

या अनुभवाचे मर्म पुढे एका प्रबंधाने उलगडले. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पदार्थविज्ञानाच्या चित्रफितींवर संशोधन केले. केवळ अचूक व स्वच्छ विवेचन पाहिलेल्या विद्यार्थ्यांना ते सुबोध वाटले, पण परीक्षेतील त्यांची प्रगती नगण्य होती. ज्या चित्रफितीत प्रथम विद्यार्थ्यांचे चुकीचे समज मांडून मग त्यांचे निरसन केले होते, ती गोंधळात टाकणारी वाटली. परंतु ती पाहणारे पुष्कळ अधिक शिकले. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त रुजत नाही, हे आपल्या शास्त्रकारांनी संभाषाविधीत केव्हाच सांगून ठेवले आहे. आमच्या तिसऱ्या चित्रफितीची सुरुवात आम्ही झाकण ठेवलेल्या पातेल्यापासून केली. चुका आधी, कृती नंतर. रुग्णांच्या घरची चूक त्यानंतरच कमी होऊ लागली.

पाहणे आणि करणे

बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी या साधनाचा उपयोग निश्चित आहे. गुळवेलीच्या वेलीवरील गाठी, अस्सल व भेसळयुक्त द्रव्यांतील फरक, स्नेहपाकाची लक्षणे, फेन केव्हा येतो व केव्हा शमतो, या गोष्टी ग्रंथातील वर्णनापेक्षा तीन मिनिटांच्या दृश्यातून लवकर ध्यानात येतात. तथापि गंध, स्पर्श आणि रस पडद्यातून येत नाहीत. पाकाची वर्ती बोटांनी वळल्याशिवाय कळत नाही. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा अभ्यास कोहळा, भोपळा अशा फळांवर, वेधनाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठावर, सीवनाचा वस्त्रांवर आणि बंधनाचा पुतळ्याच्या अवयवांवर करावयास सांगितला आहे. शास्त्र ऐकलेला परंतु योग्या न केलेला शिष्य कर्मास अपात्र, हा त्यांचा अभिप्राय आहे. ऐकलेल्याच्या जागी पाहिलेला असे म्हटले, तरी तो अभिप्राय यत्किंचितही बदलत नाही.

आमचा प्रमाद

आता कबुलीविषयी. २०२१ च्या वैशाखात एक मध्यमवयीन शिक्षक आमच्याकडे आले. अम्लपित्त जुने होते. आता शौचावाटे रक्त पडत होते, तोंड आले होते, झोप नव्हती. साथीच्या भयाने ते अनेक महिने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरे यांचा काढा दिवसातून चार-पाच वेळा घेत होते. मिरे तर त्यांनी आपल्या मनाने वाढविले होते. कोणी सांगितले, असे विचारताच त्यांनी भ्रमणध्वनी पुढे केला. चित्रफितीतील आवाज आमचाच होता.

ती आमची चार मिनिटांची नेटकी चित्रफीत. आमच्या एका रुग्णाने ती आप्तेष्टांना पाठविली होती. तीत सांगितलेली कृती यथायोग्य होती, द्रव्येही साथीच्या काळात सर्वत्र सांगितली गेलेलीच होती. पण मात्रा किती, किती दिवस, कोणत्या ऋतूत आणि मुख्य म्हणजे कोणी घेऊ नये, यांविषयी तीत एक अक्षरही नव्हते. आमच्यासमोर बसलेल्या रुग्णाला आम्ही ते तोंडी सांगत होतो. चित्रफीत मात्र आमच्यावाचून गावोगाव गेली. पित्तप्रकृतीच्या माणसाला पाहून ती थांबणार कशी? आम्ही काढा बंद केला, रक्ताचे अन्य कारण नाही याची तपासणी करविली, पथ्य व पित्तशामक चिकित्सा योजली. काही आठवड्यांत त्यांना उपशय मिळाला. त्यांनी आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो आम्ही स्वतःस दिला.

काही सूचना

१. एका चित्रफितीत एकच विषय घ्यावा. ती शक्यतो सहा मिनिटांच्या आत संपवावी.

२. आहार, दिनचर्या, द्रव्यपरिचय, कल्पकृती व पथ्य हे विषय सर्वांसाठी घ्यावेत. वमन, विरेचनादी शोधनकर्मे आणि रसौषधी यांचे पाठ विद्यार्थ्यांपुरतेच, गुरूंच्या उपस्थितीत दाखवावेत.

३. प्रचलित चूक आधी दाखवावी, योग्य कृती नंतर.

४. कोणी घेऊ नये, किती दिवस घ्यावे आणि केव्हा वैद्याकडे यावे, हे बोलून तर सांगावेच, शिवाय पडद्यावर लिहावे. पुढे पाठविताना सुटणार नाही अशा रीतीने ते चित्रफितीच्या आरंभीच असावे.

५. रोग बरा करण्याची हमी देऊ नये. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आपणांसही लागू आहे, आणि कायद्याआधी आपले शास्त्र आहे.

६. चित्रफीत पाहिलेल्या रुग्णाला ‘समजले का?’ असे न विचारता ‘करून कसे दाखवाल?’ असे विचारावे.

चरकाचार्यांनी ज्ञानप्राप्तीचे अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय सांगितले आहेत. लघुचित्रफीत यांपैकी पहिल्या दोहोंस साहाय्यभूत होते. तिसऱ्याची जागा ती घेऊ शकत नाही, कारण ती प्रश्न विचारीत नाही. ते काम वैद्याचे आहे. आमची जुनी चित्रफीत आम्ही काढून टाकली. तरी तिच्या प्रती अद्याप कोठे कोठे फिरत असतील. वाचकांपैकी कोणाकडे ती आली, तर रुग्णाला काढा कसा करावा हे जरूर सांगावे. पण त्याआधी तो त्याने घ्यावा का, हे पाहावे, ही नम्र विनंती.