संगणकातल्या समुद्रात मीठ कुठे चुकतं?

पावसाळा सरता सरता बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात वरच्या काही मीटरांतलं पाणी जेमतेमच समुद्राचं उरतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना आणि महानदीचं गोडं पाणी येऊन मिळतं, वरून पाऊस कोसळतो, आणि तिथली क्षारता किलोमागे ३० ग्रॅमच्या खाली उतरते. जगातल्या समुद्रांची सरासरी सुमारे ३५ ग्रॅम आहे. आपला अरबी समुद्र तर बऱ्याच ठिकाणी ३६च्या वर असतो. समुद्राचे प्रवाह संगणकावर मांडणारी अनेक मॉडेलं नेमकी या उपसागरात चुकतात; त्यांच्यातला उपसागर प्रत्यक्षापेक्षा खारट निघतो. मान्सूनचा आणि चक्रीवादळांचा अंदाज अशा मॉडेलांवर उभा असल्यामुळे या चुकीबद्दलचे गैरसमज निस्तरायला हवेत.

गैरसमज : किलोमागे एखाद-दुसऱ्या ग्रॅमने काय बिघडतं?

बरंच बिघडतं. पाणी वर राहणार की खाली जाणार हे त्याच्या घनतेवर ठरतं, आणि घनता तापमान व मीठ या दोन्हींवर. २८-२९ अंशांच्या पाण्यात एका ग्रॅमचा फरक घनतेच्या दृष्टीने सुमारे सव्वादोन अंशांच्या फरकाइतका भरतो. थंड पाण्यात तापमानाचा प्रभाव आणखी क्षीण होतो. त्यामुळे उत्तर अटलांटिकमध्ये पाणी तळाकडे बुडेल की नाही, यात मिठाचा शब्द मोठा असतो.

बंगालच्या उपसागरात हे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. वारा ते सहज ढवळू शकत नाही. सायीखालचं पाणी खारं असतं, पण थंड असतंच असं नाही. हिवाळ्यात तर ते वरच्यापेक्षा उबदारही असतं. शास्त्रज्ञ या खालच्या उबदार, खाऱ्या पट्ट्याला बॅरिअर लेअर म्हणतात. एरवी चक्रीवादळ समुद्र ढवळतं, खालचं थंड पाणी वर आणतं आणि स्वतःचंच इंधन तोडतं. इथे ढवळूनही थंड पाणी हाती लागत नाही. जगभरातल्या वादळांच्या नोंदी तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॅरिअर लेअरवरून जाणारी वादळं सुमारे दीडपट वेगाने तीव्र होतात असं दिसलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडला होता. पावसाळ्यात अरबी समुद्र थंडावतो, उपसागर मात्र २८ अंशांच्या वर टिकून राहतो आणि पावसाचे ढग पोसत राहतो, यामागे ही गोड्या पाण्याची साय आहे. मॉडेलात ती विरली की त्यातला समुद्र नको तितका ढवळला जातो आणि पुढचं सगळं गणित फिरतं.

गैरसमज : मीठ चुकलं म्हणजे प्रोग्रॅममध्ये मिठाचा हिशेब चुकला.

समुद्रातलं एकूण मीठ शतकानुशतकं जवळपास तेवढंच राहतं. चुकतो तो पाण्याचा हिशेब : पाऊस किती पडला, वाफ किती झाली, नदीने किती आणून ओतलं, आणि वरचं-खालचं पाणी किती मिसळलं.

नदीचंच पाहा. जुन्या मॉडेलांत समुद्राचा पृष्ठभाग जागचा हलत नसे, त्यामुळे नदीचं पाणी ओतायला जागाच नव्हती. मग युक्ती अशी केली, की एक किलो गोडं पाणी आलं तर तेवढ्या जागेतून ३५ ग्रॅम मीठ कागदोपत्री काढून घ्यायचं. भर समुद्रात हे चालून जातं. पण नदीच्या मुखाशी पाण्यात मुळात किलोमागे पाचच ग्रॅम मीठ असलं, तर काढायचे ३५ कुठून? हिशेब शून्याखाली जातो आणि मॉडेलात ऋण क्षारतेचं पाणी तयार होतं. ते टाळायला नदीचं पाणी मुखापासून दूरवर, मॉडेलाच्या जाळीतल्या अनेक चौकटींत पसरून द्यावं लागे. नवी मॉडेलं खरंखुरं पाणी ओतू शकतात, पण पसरून देण्याची सवय पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

शिवाय ओतायचं पाणी किती, हाच मोठा प्रश्न. बऱ्याच मॉडेलांत नद्यांचा सरासरी प्रवाह दरवर्षी तसाच गिरवला जातो. पुराचं वर्ष आणि दुष्काळाचं वर्ष सारखंच. गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांच्या प्रवाहाची भारतातली आकडेवारी गोपनीय मानली जाते. म्हणून संशोधकांनी उपग्रहावरून नदीच्या पाण्याची पातळी मोजून प्रवाह काढायची वाट शोधली. वाट उपयोगी आहे, पण ज्या पाण्यावर आपल्या मान्सूनचं गणित अवलंबून आहे त्याचा आकडा आपल्याच शास्त्रज्ञांनी अवकाशातून अंदाजाने काढावा, हे मला पटत नाही.

गैरसमज : मॉडेल काही वर्षं चालू दिलं की चूक आपोआप विरते.

तापमानाच्या बाबतीत यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे. मॉडेलातला समुद्र एखाद्या अंशाने जास्त तापला तर त्यातून वाफ जास्त होते, उष्णता बाहेर पडते, तापमान परत खाली येतं. हवा आणि समुद्र एकमेकांना सावरतात. मिठाला असं सावरणारं कोणी नाही. पाणी दोन ग्रॅमने जास्त खारं झालं म्हणून वरून जास्त पाऊस पडत नाही, आणि बाष्पीभवनातही जाणवेल असा फरक होत नाही. मिठाची चूक जिथे झाली तिथे साचत राहते, प्रवाहाबरोबर पुढे सरकते, प्रवाहच बदलते.

यावर एक जुना तोडगा आहे. मॉडेलातली पृष्ठभागाची क्षारता निरीक्षणांच्या सरासरी नकाशाकडे सतत थोडी-थोडी खेचत राहायची. सिडनी लेव्हिटस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महासागरांच्या नकाशासंग्रहाने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी ही सोय केली. मॉडेल भरकटत नाही, नकाशा छान दिसतो. पण ही खेच निसर्गात कुठेच नाही. १९९८ सारख्या महापुराच्या वर्षी उपसागरात खरोखरच जादा आलेलं गोडं पाणी मॉडेल चूक समजून पुसून टाकणार. ज्या वर्षी समुद्र वेगळा वागला तेच वर्ष आपण हरवून बसतो.

गैरसमज : आता उपग्रह आहेत, महासंगणक आहेत, प्रश्न सुटल्यातच जमा.

क्षारता मोजणारा स्मॉस उपग्रह २००९ मध्ये आणि स्मॅप २०१५ मध्ये गेला. ते पाहतात ते वरच्या साधारण एका सेंटिमीटरातलं पाणी, तेही कित्येक किलोमीटर रुंदीच्या ठिपक्यांत. किनाऱ्याजवळ जमिनीचे संदेश त्यात मिसळून माप बिघडतं. १९९९ पासून समुद्रात सोडले जाणारे आर्गो तरंगक दोन किलोमीटर खोलीवरून मोजत वर येतात, पण बहुतेकांचं मोजमाप पृष्ठभागाखाली पाचेक मीटरवर थांबतं. मधली जागा कोणाच्याच वाट्याला नीट येत नाही, आणि किनारा तर नाहीच.

किनाऱ्याची उणीव भरून काढली ती मच्छीमारांनी. मे २००५ पासून गोव्याच्या त्याच संस्थेसाठी भारतीय किनाऱ्यावरच्या आठ ठिकाणी मच्छीमार दर पाच दिवसांनी गुडघाभर पाण्यात उतरून नमुना भरून घेऊ लागले. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मान्सूनच्या अखेरीस उपसागराच्या उत्तरेला क्षारता किलोमागे १० ग्रॅमहून अधिक घसरते, आणि ते गोडं पाणी पूर्व किनाऱ्याला चिकटून जेमतेम १०० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून दक्षिणेला निघतं. अडीच महिन्यांनी ते देशाच्या दक्षिण टोकाला पोहोचतं. संशोधकांनी त्याला समुद्रातली नदी म्हटलं.

हवामानबदलाच्या अभ्यासातल्या बऱ्याच मॉडेलांची एक चौकटच सुमारे १०० किलोमीटर रुंद असते. अख्खी नदी एका चौकटीत! बारीक जाळीची मॉडेलं तिला नक्कीच चांगली पकडतात. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मान्सून मिशनसाठी वापरलेल्या सीएफएसव्ही२ मॉडेलात समुद्राचा सर्वांत वरचा थर १० मीटर जाडीचा आहे, आणि पावसाळ्यानंतरची साय पुष्कळदा त्याहून पातळ असते. शिवाय मॉडेलाचं आकाशच पाऊस चुकीच्या जागी पाडत असेल, तर समुद्राची जाळी कितीही बारीक केली तरी मीठ चुकणारच.

गैरसमज : मग हवामानबदलाचे अंदाज खोटेच म्हणायचे.

नाही. पृथ्वी तापते आहे हा निष्कर्ष या मिठावर टेकलेला नाही. प्रश्न विशिष्ट ठिकाणी येतो, आणि अटलांटिकचा उलटापालट करणारा मोठा प्रवाह हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण. निरीक्षणांनुसार हा प्रवाह अटलांटिकच्या दक्षिण टोकाशी गोडं पाणी बाहेर नेतो. अनेक मॉडेलांत तो उलट आत आणतो, आणि त्यामुळे तिथे तो प्रत्यक्षापेक्षा अधिक स्थिर वाटण्याची शक्यता आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या रेने व्हान वेस्टन आणि हेंक डाइकस्ट्रा यांनी २०२४ मध्ये या चुकीचा माग काढला. तो अटलांटिकमध्ये थांबला नाही. मुख्य दोष सापडला हिंदी महासागरावरच्या पाऊस-बाष्पीभवनाच्या हिशेबात. अटलांटिकचा प्रवाह कधी अडखळेल हे सांगायचं असेल, तर आधी आपल्या बाजूचा पाऊस मॉडेलात नीट पडायला हवा.