घरगुती चोक कॉइल मोजताना आपण नेमकं काय मोजतो?

भुसावळजवळच्या दीपनगरला प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या संचांच्या चिमण्या सगळ्यांना दुरून दिसतात. माझ्या विषयाची गोष्ट मात्र वीजकेंद्रांच्या स्विचयार्डात लटकलेली असते. लाइन जिथे आत येते तिथे इन्सुलेटरला टांगलेला, जाड पट्ट्यांच्या वेढ्यांचा ढोलासारखा पिंप तुम्ही कुठल्याही मोठ्या सबस्टेशनात पाहिला असेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. लाइनच्या तारेवरूनच एका केंद्राकडून दुसऱ्याकडे संरक्षणाचे आणि बोलण्याचे सिग्नल धाडायची जुनी पद्धत आहे आणि ते सिग्नल साधारण ४० ते ५०० किलोहर्ट्झमध्ये असतात. ते यार्डात शिरून वाया जाऊ नयेत म्हणून ही कॉइल.

०.५ मिलिहेन्रीची कॉइल धरा. ५० हर्ट्झच्या विजेला तिचा विरोध ओहमच्या सहाव्या हिश्श्याहून कमी, म्हणजे वीज बिनबोभाट जाते. १५० किलोहर्ट्झला तोच विरोध सुमारे ४७० ओहम होतो. त्यावर इंजिनिअर आत मोजूनमापून कपॅसिटर जोडतात आणि हव्या त्या पट्ट्यात अडवणूक आणखी वाढवतात.

हॅम रेडिओवाले घराच्या गच्चीवर हेच करतात, फक्त मेगाहर्ट्झमध्ये. डायपोल अँटेनाला को-ऑक्स केबल जोडली की थोडा करंट केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून खाली घरात येतो. मग माइकला हात लावला की चटका, शेजारच्यांच्या स्पीकरमधून तुमचा आवाज. उलट दिशेनेही त्रास होतोच: लाइनीखालचा, इन्व्हर्टरचा, एलईडी दिव्यांचा कचरा याच वाटेने रिसीव्हरमध्ये चढतो. हाय टेन्शन लाइनीजवळ राहणाऱ्या हॅमला हे वेगळं सांगायला नको. उपाय स्वस्त आहे. तीच केबल प्लंबरकडच्या ४ इंची पीव्हीसी पाइपावर गुंडाळायची. आतल्या सिग्नलला याचा पत्ताही लागत नाही, बाहेरून येणाऱ्या करंटला मात्र कॉइल आडवी येते.

पण इथे कपॅसिटर कुणी जोडलेला नसतो, तो न बोलावता येतो. शेजारशेजारच्या वेढ्यांमध्ये थोडा थोडा कपॅसिटन्स असतोच. तो आणि कॉइलचा इंडक्टन्स मिळून एका फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स होतो, त्यालाच सेल्फ-रेझोनन्स म्हणतात. तिथे अडवणूक सगळ्यात जास्त. त्याच्या वर गेलात की कॉइल कॉइल राहत नाही, कपॅसिटरसारखी वागायला लागते. म्हणून ‘जितके वेढे जास्त तितकं चांगलं’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही.

एक हिशेब करू. ११० मिलिमीटरच्या पाइपावर ५ मिलिमीटर जाडीच्या आरजी-५८ केबलचे १० वेढे, एकाला एक चिकटून. व्हीलरच्या १९२८ च्या सूत्राने इंडक्टन्स येतो सुमारे १२.८ मायक्रोहेन्री. कपॅसिटन्स, मेडहर्स्टच्या १९४७ च्या पद्धतीने, ६ ते ७ पिकोफॅरडच्या दरम्यान. ६.८ धरला तर रेझोनन्स १७ मेगाहर्ट्झला पडतो. (पाइप आणि केबलचं आवरण या हिशेबात नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा खालीच असणार.)

आता मोजू. नॅनोव्हीएनए घ्या. केबलच्या एका टोकाची जाळी एका पोर्टच्या मधल्या पिनेला, दुसऱ्या टोकाची दुसऱ्या पोर्टच्या पिनेला, आणि दोन्ही पोर्टचे ग्राउंड एकमेकांना जोडा. केबलची आतली तार दोन्हीकडे जाळीला शॉर्ट केलेली बरी. मग एस-२१ बघा. जिथे पहिली खोल दरी दिसते तो रेझोनन्स. एकाच पोर्टवरून एस-११ ने मोजायचा मोह होतो, पण हजारो ओहमच्या विरोधाला जवळजवळ सगळा सिग्नल परतच येतो आणि त्यातला बारीक फरक यंत्राला नीट दिसत नाही. एस-२१ मध्ये ५,००० ओहम म्हणजे उणे ३४ डेसिबल, स्पष्ट दिसतं.

खरी मेख जोडणीत आहे. मगरचिमटे, लांब तारा, पीसीबीचा तुकडा यांचा मिळून ३ पिकोफॅरड सहज होतो. आपल्या कॉइलचा स्वतःचाच ६.८ आहे! बेरीज ९.८ झाली की दरी १७ वरून थेट १४.२ मेगाहर्ट्झला येते. १४.२ म्हणजे नेमका २० मीटर बँडचा मधला भाग. स्क्रीन बघून माणूस खूश होतो आणि कॉइल पाइपासकट गच्चीवर चढवतो. तिथे चिमटे नसतात, कॉइल परत १७ ला जाते.

मग १४ ला ती निकामी होते का? नाही, हिशेबाने ३,७०० ओहम तरी मिळतात. पण ते नुसतं इंडक्टिव्ह आहे. केबलचा बाहेरचा पृष्ठभाग त्या ठिकाणी कपॅसिटिव्ह निघाला तर दोघं एकमेकांना खोडतात आणि अडवायचा तो करंट निम्माही अडत नाही. हवेतल्या कॉइलमध्ये भरवशाचा रेझिस्टिव्ह विरोध फक्त रेझोनन्सच्या अरुंद पट्ट्यात असतो, म्हणून ती जागा अचूक माहीत हवी. (फेराइटच्या रिंगांना हा त्रास कमी, कारण त्या स्वतःच तोटा करतात आणि रुंद पट्ट्यात करतात. पण त्या महाग पडतात.)

जोडणीचा कपॅसिटन्स काढायला वेगळं यंत्र लागत नाही. कॉइल काढा, चिमटे होते तिथेच ठेवा आणि एस-२१ वाचा. १४.२ मेगाहर्ट्झला उणे ३१.५ डेसिबल दिसलं, तर तो ३ पिकोफॅरड आहे. उणे ५० च्या खाली गेलं तर तुमची जोडणी उत्तम.

दुसरी रीत मला जास्त आवडते. कॉइलच्या दोन टोकांमध्ये माहीत असलेला कपॅसिटर लावायचा. वरच्या उदाहरणात १० पिकोफॅरडला दरी १० मेगाहर्ट्झवर सरकेल, २२ ला ७.९ वर. प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या वर्गाचा व्यस्त काढून कपॅसिटन्सपुढे आलेख मांडला की सरळ रेषा येते. तिचा चढ इंडक्टन्स सांगतो. ती रेषा शून्याच्या पलीकडे डावीकडे वाढवली, की आडव्या अक्षाला जिथे छेदते तो एकूण लपलेला कपॅसिटन्स, इथे ९.८. त्यातून जोडणीचे ३ वजा केले की कॉइलचा स्वतःचा उरतो. तीन-चार बिंदू रेषेवर बसले नाहीत तर आधी कपॅसिटर तपासा, चांगल्या दर्जाचे एनपी-झिरो सिरॅमिक वापरा.

वेढे मात्र ओळीनेच घाला. केबलचं भेंडोळं करून टाय मारला की पहिला वेढा शेवटच्याला जाऊन चिकटतो, कपॅसिटन्स वाढतो, आणि पुढच्या वेळी तेवढेच वेढे घातले तरी तोच आकडा येत नाही. मोजताना कॉइल टेबलावर न ठेवता सुतळीने टांगा, आणि लोखंडी कपाटापासून दूर.