बीटल्स कोणामुळे फुटले, हा प्रश्नच अपुरा

पीटर जॅक्सन यांचा 'द बीटल्स : गेट बॅक' हा तीन भागांचा माहितीपट नोव्हेंबर २०२१मध्ये आला आणि पन्नास वर्षांचा जुना वाद नव्याने पेटला. पॉल मॅकार्टनी इतरांवर दादागिरी करतो का, जॉन लेननचं कामावरचं लक्ष उडालं होतं का, जॉर्ज हॅरिसनला डावललं गेलं का, आणि जॉनची जोडीदार योको ओनो रोज स्टुडिओत येऊन त्याला खेटून का बसायची, यावर लोक तावातावाने बोलू लागले. आयुष्यभर योकोला दोष देणाऱ्यांपैकी अनेकांनी तो मागे घेतला. काहींनी तोच दोष उचलून पॉलच्या माथी मारला. प्रतिक्रियांचा सूर बदलला, प्रश्न मात्र तोच राहिला : बँड कोणामुळे फुटला? एखाद्या गटाच्या कारकिर्दीवरचा माहितीपट असा गुन्हेगार शोधत पाहिला, तर त्यातलं सर्वांत मोलाचं तेच नजरेतून सुटतं, आणि ते म्हणजे काम. चार माणसं एका खोलीत बसून, काल जे नव्हतं ते आज कसं उभं करतात, याचा इतका सविस्तर पुरावा संगीताच्या इतिहासात क्वचितच हाती लागला आहे.

निवाड्याची घाई किती फसवी असते, हे या चित्रीकरणाच्या इतिहासातच दिसतं. जानेवारी १९६९मध्ये दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांनी सुमारे ६० तासांचं चित्रण आणि १५० तासांचं ध्वनिमुद्रण जमा केलं. त्यातून मे १९७०मध्ये 'लेट इट बी' हा ८० मिनिटांचा चित्रपट आला. बँड संपल्याची बातमी त्याच्या महिनाभर आधीच, एप्रिलमध्ये, जगभर पोचली होती. साहजिकच प्रेक्षक थिएटरात शिरले ते सुतकी मनाने, आणि पडद्यावरची प्रत्येक जांभई, प्रत्येक अबोला त्यांना फुटीची खूण वाटला. पुढे हा चित्रपट कित्येक दशकं सहजी पाहायलाही मिळत नव्हता, त्यामुळे लोकांच्या मनात चित्रपटापेक्षा त्याची आठवणच जास्त घट्ट झाली. जॅक्सन यांनी तोच साठा घेऊन जवळजवळ आठ तासांचा माहितीपट केला. त्यात हशा आहे, टिंगल आहे, एकमेकांच्या चुकीच्या सुरांवरची चेष्टा आहे. माणसं तीच, दिवस तेच, खोल्याही त्याच. तरी एका पिढीने त्यात घटस्फोट पाहिला आणि दुसरीने मैत्री. मग दोन्ही वेळचा निवाडा जितका त्या चौघांबद्दल होता, तितकाच संकलनाच्या कात्रीबद्दलही होता, असं म्हणावं लागतं.

काम मात्र कात्रीला इतकं वश होत नाही. पहिल्या भागातलं एक दृश्य पाहा. जॉन अजून आलेला नाही. पॉल बेस गिटार मांडीवर घेऊन ती साध्या गिटारसारखी छेडत बसला आहे. तोंडाने शब्द नसलेलं काहीतरी गुणगुणतो आहे. समोर जॉर्ज जांभई देतो, ड्रमवादक रिंगो नुसता बघत बसला आहे. दोनेक मिनिटांत त्या गुणगुणण्याला चाल येते, चालीला ठेका सापडतो; जॉर्ज गिटार उचलतो, रिंगो टाळ्या वाजवू लागतो, आणि 'गेट बॅक' हे गाणं आपल्या डोळ्यांदेखत जन्माला येतं. या दृश्याचं कौतुक जगभर झालं ते योग्यच झालं. पण ते 'पॉलची प्रतिभा' या मथळ्याखाली झालं, आणि इथेच पाहण्यात खोट राहिली. त्या गाण्याचं पुढचं रूप समोरच्या दोघांच्या प्रतिसादातून घडलं. २२ जानेवारीला बिली प्रेस्टन हा त्यांचा हॅम्बुर्गपासूनचा ओळखीचा वादक सहज भेटायला म्हणून आला आणि इलेक्ट्रिक पियानोवर बसला. तो वाजवू लागताच चौघांच्या चेहऱ्यांवरचा ताण उतरलेला दिसतो. आठवडाभराने, ३० जानेवारीला, सॅव्हिल रोवरच्या इमारतीच्या गच्चीत झालेल्या त्या प्रसिद्ध मैफलीतही तो सोबत होता. महत्त्वाचं हे की, ज्या जानेवारीला लोक 'शेवट' म्हणतात, त्यानंतर याच चौघांनी 'ॲबी रोड' हा अख्खा अल्बम केला.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदार आहे. जॅक्सन यांचा माहितीपट बीटल्सच्याच ॲपल कंपनीच्या सहभागाने झाला. पॉल, रिंगो, योको ओनो आणि जॉर्जची पत्नी ऑलिव्हिया यांची नावं निर्मात्यांत आहेत. मग हे घरच्यांनी घरच्यांसाठी केलेलं रंगकाम नाही का? संशय रास्त आहे. पण १० जानेवारीला जॉर्ज बँड सोडून निघून गेला, ही त्या महिन्यातली सर्वांत कडू घटना १९७०च्या चित्रपटात नव्हती. ती या 'गोड' म्हटल्या जाणाऱ्या माहितीपटात आहे. योकोवरच्या जुन्या आरोपाबद्दल म्हणाल, तर ती या आठ तासांत बहुतेक वेळ वर्तमानपत्र चाळताना, टपाल बघताना, शिवणकाम करताना दिसते. आणि महिन्याच्या अखेरीस ॲलन क्लाइन या अमेरिकी व्यवस्थापकाला भेटून जॉन भारावून परत येतो, हेही इथे आहे. बीटल्सचा आधीचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७मध्ये गेल्यापासून या गटाच्या पैशाअडक्याला कोणी वाली उरला नव्हता. तो वाली कोण व्हावा, यावरून पॉल एका बाजूला आणि उरलेले तिघं दुसऱ्या बाजूला गेले, आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी प्रकरण कोर्टात गेलं. जो माहितीपट या कारणाची सुरुवात उघडपणे दाखवतो, त्याने सगळं झाकलं असं म्हणता येणार नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. वटार, गास, नंदाखाल, आगाशी इथे गटाने गाणं-वाजवणं मुरलेलं आहे : चर्चचा गायनवृंद, लग्नातला ब्रास बँड, देवळातलं भजनी मंडळ. असं मंडळ फुटलं की गाव आधी कोणाच्या तरी बायकोचं नाव घेतं. खरं कारण बहुधा दोनच ठिकाणी सापडतं : सुपारीचे पैसे कसे वाटायचे, आणि कोणाच्या चालीला कधी वाव मिळायचा. बीटल्समध्ये पहिल्याचं नाव क्लाइन होतं आणि दुसऱ्याचं जॉर्ज हॅरिसन. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या जॉर्जच्या गाण्याचा सराव त्या जानेवारीत झाला, पण बीटल्सच्या अल्बमात त्याला जागा मिळाली नाही. नोव्हेंबर १९७०मध्ये त्याच नावाने त्याने स्वतःचा तीन तबकड्यांचा अल्बम काढला.

जॉर्जच्या या वेगळ्या वाटेचा शोध घेताना सगळे जानेवारी १९६९चं चित्रीकरण जिथे सुरू झालं, त्या लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत थांबतात. तिचा एक महत्त्वाचा टप्पा मात्र मुंबईत आहे. जानेवारी १९६८मध्ये, म्हणजे त्या चित्रीकरणाच्या बरोबर वर्षभर आधी, जॉर्ज एकटा मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटासाठी संगीत ध्वनिमुद्रित केलं. एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून स्टिरिओ मुद्रणयंत्र रेल्वेने आणवलं होतं. स्टुडिओत बाहेरचा आवाज शिरायचा : रस्त्यावरची रहदारी, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणारी पावलं. समोर शिवकुमार शर्मा यांचं संतूर, आशिष खाँ यांचा सरोद, महापुरुष मिश्र यांचा तबला. 'वंडरवॉल म्युझिक' हा बीटल्सपैकी कोणाचाही पहिला स्वतंत्र अल्बम ठरला. इथे जॉर्जला कोणाची परवानगी मागावी लागली नाही आणि आपलं गाणं रांगेत शेवटी ठेवलं जाईल अशी भीतीही नव्हती. एकदा ही मोकळीक चाखलेला माणूस वर्षभराने ट्विकनहॅमच्या थंडगार शेडमध्ये किती घुसमटला असेल, हे योको कुठे बसली होती यावरून कळणार नाही. मुंबईतल्या त्या कामावरून कळतं.

यावर कोणी म्हणेल, गाणी त्या चौघांची, लोक त्यांच्यासाठी पाहतात, साथीदारांची आणि परगावच्या स्टुडिओंची नोंद हा अभ्यासकांचा विषय आहे. लोक चौघांसाठी पाहतात हे खरंच आहे. पण नोंद ठेवायची की नाही हा निर्णय बीटल्सनी स्वतःच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा घेतलेला दिसतो. १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर तबलावादक म्हणून अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे. पुढच्याच वर्षी 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यात अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी यांनी साथ केली; 'सार्जंट पेपर'च्या वेष्टनावर त्यांपैकी कोणीही नव्हतं आणि ती नावं लोकांपर्यंत पोचायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. मार्च १९६८च्या 'द इनर लाइट'साठी आशिष खाँ आणि हरिप्रसाद चौरसिया मुंबईत वाजवून गेले. तबकडीच्या लेबलावर फक्त बीटल्स. एप्रिल १९६९मध्ये 'गेट बॅक'ची तबकडी आली, तेव्हा मात्र लेबलावर बीटल्सच्या जोडीला बिली प्रेस्टनचं नाव होतं. प्रेस्टनभोवती कॅमेरे फिरत होते, म्हणून आज त्याच्या वाटणीचं श्रेय कोणी नाकारू शकत नाही. मुंबईच्या त्या ध्वनिमुद्रणाला आठ तासांचा माहितीपट लाभला नाही. मे २०२४पासून 'लेट इट बी'ही पुन्हा उपलब्ध झाला आहे. ज्याला वेळ काढता येईल त्याने आधी ती ८० मिनिटं पाहावीत, मग जॅक्सन यांचे आठ तास, आणि त्यानंतर 'वंडरवॉल म्युझिक' लावून मुंबईचे वादक नुसते ऐकावेत.