प्रवेशाच्या उंबरठ्यावर : गुण, कागद आणि वेळ

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वसतिगृहाच्या अंगणात दोन दिवस पेढ्यांचे पुडे फिरतात. तिसऱ्या दिवसापासून पालक येऊ लागतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडून पहाटेची एस. टी. धरून आलेल्या या माणसांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे असतात. ‘गुरुजी, मार्क तर चांगले पडलेत, आता कागद कुठले कुठले लागत्यात?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहून ठेवावे, असे आम्हांस वाटले.

महाविद्यालयाचे दार आपल्या समाजास सहजी कधीच उघडले नाही. मात्र ते अडविणारी कडी प्रत्येक काळात निराळी होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात खेड्यातील मुलास कोल्हापुरात शिकावयाचे, तर राहावयाचे कोठे हीच मुख्य अडचण होती. महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. शिकून पुढे काय, या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुढची कडी पैशाची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले.

आज वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्ती आहे, राखीव जागा आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आपल्या शहरातच आहे. तरीही आमची मुले उंबरठ्यावर अडतात. आजची कडी कागदाची आणि वेळेची आहे.

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश सामाईक परीक्षेतील गुणवत्तेवर आणि केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. राखीव जागेवर हक्क सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे जात प्रमाणपत्र असून भागत नाही, त्याची पडताळणी झालेली असावी लागते. ती नसेल तर विद्यार्थी खुल्या गटात धरला जातो. शासन काही वेळा अर्जाच्या पावतीवर मुदत देते, परंतु त्या मुदतीच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

पडताळणी समिती अर्जदाराच्या जातीचा जुना पुरावा पाहते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. आजोबांच्या शाळेतील प्रवेशनोंद, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील उतारा, जुना महसुली कागद यांचा येथे उपयोग होतो. वडील, सख्खा भाऊ, चुलता यांपैकी कोणाची पडताळणी पूर्वी झाली असेल, तर काम पुष्कळ सोपे होते.

बौद्ध कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. धर्मांतर १९५६ मध्ये झाले, परंतु अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्या मिळण्यासाठी धर्मांतरापूर्वीची जात सिद्ध करावी लागते. ज्या आईवडिलांनी स्वाभिमानाने मुलाच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ लिहविले आणि जातीचा रकाना मोकळा ठेवला, त्यांच्या मुलास पुढे त्याच रकान्यापाशी थांबावे लागते. जी जात टाकली तिचाच पुरावा शोधत फिरावे, ही वेदना आम्ही जाणतो. तरी हक्काची जागा सोडून देणे हा त्या वेदनेवरचा उपाय नव्हे.

येथे आमची एक चूक आम्ही कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी बारावी विज्ञान शाखेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. सामाईक परीक्षेतही त्याने चांगले यश मिळविले. कागदपत्रांच्या छाननीत त्याच्याकडे पडताळणी प्रमाणपत्र नव्हते. शोध घेता असे आढळले की, आमच्याच जनरल रजिस्टरमध्ये त्याच्या जातीचा रकाना कोरा होता आणि दाखल्यावर तोच कोरेपणा उतरला होता. पाचवीत प्रवेश देताना आम्ही विचारले नव्हते. शाळा सोडल्यानंतर अशी नोंद दुरुस्त करून घेणे अतिशय कठीण असते. अखेर त्याच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या जीर्ण वहीत आजोबांचे नाव सापडले, समितीने पुरावा मान्य केला. पण फेऱ्या संपल्या होत्या. त्याचे एक वर्ष गेले. ते वर्ष त्याने वडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडात काढले आणि पुढील वर्षी प्रवेश मिळविला. तो आज अभियंता आहे. परंतु त्या वर्षाचे ऋण आमच्यावर आहे.

तेव्हापासून आम्ही एक क्रम ठरविला आहे. पाचवीत प्रवेश देतानाच धर्म, जात, जन्मस्थळ यांच्या नोंदी पालकांसमोर वाचून दाखवितो. आठवीत वंशावळ लिहून घेतो व आजोबांची नोंद शोधावयास सांगतो. दहावीपूर्वी प्रांत कार्यालयातून जात प्रमाणपत्र काढवितो. अकरावीत प्रवेश होताच महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करावा, असे बजावतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, इतर मागास व विमुक्त वर्गांसाठी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची तयारी निकालाआधीच व्हावी.

निपाणी-चिकोडीकडील पालकांनी ध्यानात ठेवावे की कर्नाटकातील जात प्रमाणपत्रावर महाराष्ट्रात राखीव जागा मिळत नाही. मात्र तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे.

पसंतीक्रम भरतानाही घाई नको. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते स्वीकारावेच लागते. म्हणून जेथे खरोखर जावयाचे आहे तेच नाव प्रथम लिहावे. शेजाऱ्याचे पाहून लिहू नये. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचाही अर्ज मुदतीत करावा.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. आपले पडताळणी प्रमाणपत्र कपाटात जपून ठेवू नका. त्याची प्रत धाकट्या भावाला, चुलत बहिणीला, पुतण्याला द्या. जून महिन्यात एक दिवस शाळेत येऊन पालकांचे अर्ज भरून द्या. ज्यांना कोणी वाट दाखविली, त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी दिवा धरावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.