बुटावरचं नाव झाकून पाहा

नामांकित खेळाडूच्या नावाचा बास्केटबॉल बूट कसा आहे, हे ठरवताना परीक्षक तो घालून धावतात, उड्या मारतात आणि मत देतात. ही पद्धत प्रामाणिक असली तरी अपुरी आहे, कारण बुटाबरोबर त्याचं नाव आणि जाहिरातही पायात चढते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी महत्त्वाचा. त्यांनी सुमारे ३५० ते ६४० ग्रॅम वजनाचे बूट खेळाडूंना घालायला दिले. एका गटाला वजनातला फरक सांगितला, दुसऱ्याला कळू दिला नाही. ज्यांना फरक माहीत होता ते हलक्या बुटात, जड बुटापेक्षा, सुमारे २ टक्के उंच उडाले आणि दिशा बदलून धावतानाही तितक्याच टक्क्यांनी वेगवान ठरले. दुसऱ्या गटात फरक दिसलाच नाही. कुणी म्हणेल, विश्वासामुळे का होईना, खेळ सुधारला ना? सुधारला, पण त्याचं श्रेय बुटाच्या बांधणीला देता येत नाही. नावावरचा विश्वासही असंच काम करत असेल, तर मोठं नाव लावलेल्या कुठल्याही बुटाला ते श्रेय मिळालं असतं.

घोट्याच्या संरक्षणाबद्दलही असाच समज पक्का बसला आहे. उंच गळ्याचा बूट घोटा वाचवतो, असं मानलं जातं. मात्र १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उंच आणि आखूड गळ्याचे बूट वाटून दिले, तेव्हा दुखापतींत ठोस फरक आढळला नाही. दुखापती मुळातच थोड्या होत्या, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरी २००८ मध्ये एनबीए खेळाडू कोबी ब्रायंटने स्वतःच्या नावाच्या, आखूड गळ्याच्या ‘कोबी ४’ बुटाचा आग्रह धरला, तो निव्वळ धाडसीपणा नव्हता, एवढं यावरून म्हणता येतं.

एकाच प्रसंगावरून निकाल देणंही चूकच. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूक विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू झायन विल्यमसन याचा, एनबीए खेळाडू पॉल जॉर्जच्या नावाचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला आणि त्याचा गुडघा दुखावला. त्या एका जोडीवरून संपूर्ण मॉडेल वाईट ठरत नाही. तसंच खुद्द जॉर्जच्या खेळावरून ते उत्तमही ठरत नाही.

मग मोजायचं काय? सर्वांत आधी बुटाच्या तळव्याची पकड, तीही धूळ असलेल्या कोर्टवर. घसरणारा पाय वेगाने वळू शकत नाही. मात्र वळताना तळवा गरजेपेक्षा जास्त चिकटला, तर ताण गुडघ्यावर जातो. आपल्याकडे बरेच जण सिमेंटच्या कोर्टवर खेळतात आणि लाकडी कोर्टसाठीचं मऊ रबर तिथे लवकर झिजतं. तेव्हा बूट घेताना नाव नंतर वाचा, आधी तळवा तपासा.